उद्याकाका आणि सैल ग्रिप

सगळी गल्ली त्यांना उद्याकाका म्हणायची. म्हणजे तोंडावर काका आणि पाठीमागे उद्याकाका. कारण मोटरसायकल घेऊन कोणीही गेलं, की मान वर न करता यांचं ठरलेलं उत्तर, "ठेवा, उद्या या." चाकात हवा भरायची असली तरी उद्या. लोक चिडायचे, बडबडायचे आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं यायचे, कारण काकांच्या हाताखालून गेलेली गाडी वर्षभर कुरकुर करत नसे.

आता खरं सांगू का? अर्ध्या कामांना उद्या लागतच नसे. पण काम आजच करून दिलं की माणूस एकदाच येतो, आणि उद्या बोलावलं की तोच माणूस दोनदा येतो. एकट्या माणसाची चलाखी, दुसरं काय. धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याची नोकरी, मग त्याचं लग्न हे सगळं मार्गी लावता लावता काकांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. पुढे दुकान, मागे खोली, खोलीत एक खाट आणि दोन कप. दुसरा कप कशाला, असं कोणी विचारत नसे, कारण आतपर्यंत कोणी येतच नसे.

दोन वर्षांपासून त्यांचे हात बधिर व्हायला लागले होते. आधी करंगळ्या, मग शेजारची बोटं, आणि या थंडीत तर मनगटापर्यंत काही कळेनासं झालं. बोटं वळायची, पाना धरायची, पण काय धरलंय ते डोळ्यांनी बघावं लागायचं. खिशात किल्ली चाचपता येईना, म्हणून ती गळ्यात अडकवली. नट किती आवळला ते पान्याच्या आवाजावरून ताडायचं. काकांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. गल्लीत कळलं असतं तर दुकान ओस पडलं असतं, आणि भावाला कळलं असतं तर तो त्यांना घेऊनच गेला असता. भाऊ चांगला, भावजय त्याहून चांगली. पण त्यांच्या नवव्या मजल्यावर, सोफ्याच्या कोपऱ्यात, "चहा घेता का दादा?" याची वाट बघत बसायचं, ही कल्पनाच काकांना सोसत नसे. दुकान होतं म्हणून दिवसाकाठी चार माणसं दारात येत होती. दुकान गेलं की संपलं सगळं.

तर अशात एका दुपारी दवाखान्यातली सिस्टर गाडी ढकलत आली. ही बाई घरोघरी जाऊन पेशंट बघायची, भर थंडीत, म्हणून तिच्या गाडीच्या हँडलला गरम होणाऱ्या ग्रिप, म्हणजे रबरी मुठी, होत्या. तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"काका, डावी ग्रिप जागच्या जागी फिरते. काल वळणावर अख्खी निसटून हातात आली. पेशंटचे टाके काढायला निघाले होते, स्वतःलाच घालून घ्यायची वेळ आली."

"आत गरम करणारी तार आहे. अशी पिळत राहिलात तर तुटेल. ठेवा, उद्या या."

"उद्याशिवाय दुसरा शब्द येतो का हो तुम्हाला?"

"या कामाला खरंच उद्या लागतो," काका म्हणाले. आणि त्या दिवशी ते खरं बोलत होते. ग्रिप चिकटवायचं सोल्यूशन रात्रभर सुकावं लागतं. ओलं असताना हीटर लावला की केलेलं काम पाण्यात.

सिस्टर गेल्यावर काकांनी क्लचचा दांडा सैल करून बाजूला सरकवला, ग्रिप ओढून काढली, हँडलवरची जुनी खपली ब्लेडनं खरवडली, स्पिरिटनं पुसून घेतलं. नवं सोल्यूशन लावलं की हातात जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात ग्रिप आत गेली पाहिजे आणि तिची वायर क्लचच्या खालून निघाली पाहिजे. काकांनी ते डोळे फाडफाडून केलं, आणि चोख केलं.

सकाळी कडेला आलेलं जास्तीचं सोल्यूशन ब्लेडनं छाटलं, क्लच परत बसवला, हीटर लावला. ग्रिप तापली की नाही ते हाताला कळणार नव्हतं. म्हणून काका वाकले आणि त्यांनी तिच्यावर गाल टेकवला.

"अहो, गाडीची पापी कसली घेताय?" समोरचा न्हावी ओरडला.

"तू तुझी डोकी भादर," काका म्हणाले.

तेवढ्यात सिस्टर आलीच. तिनं ग्रिप पिळून बघितली. "वा, आता हलत नाही." मग तिनं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. तो रक्तानं लाल झाला होता.

"काका, तुम्हाला लागलंय."

"कुठे?" काकांनी विचारलं.

आपल्याच हाताला लागलेलं माणूस दुसऱ्याला कुठे म्हणून विचारत नाही. सिस्टरची बडबड थांबली. काकांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट ब्लेडनं चांगलं चिरलं होतं आणि रक्त बाहीत उतरत होतं.

"कधीपासून?"

"आत्ताच लागलं असेल."

"मी रक्ताचं विचारत नाही, काका."

काकांनी रस्त्याकडे बघितलं. "कोणाला सांगू नका," ते हळूच म्हणाले.

"नाही सांगणार. पण गाडी मी चालवणार आहे. तुम्हीच सांगा, नेऊ?"

'न्या' हा शब्द ओठावर आला होता. ग्रिपची खात्री ते शपथेवर देऊ शकत होते. पण क्लचचा तो बारका स्क्रू. तो आवळताना आवाजच होत नाही.

"नका नेऊ. तो स्क्रू नीट बसलाय की नुसता टेकलाय, ते मला कळत नाही. दुसऱ्या कोणाकडून बघून घ्या. आणि यापुढेही तिकडेच दाखवत जा."

चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं दार दाखवलं नव्हतं. बोलून झालं आणि त्यांना एकदम रडू यायला लागलं. आता 'उद्या या' कोणाला म्हणायचं?

सिस्टरनं त्यांना स्टुलावर बसवलं, पिशवीतून पट्टी काढून जखम बांधली आणि दुसरा हात त्यांच्याच मांडीवर ठेवायला सांगितला.

"डोळे मिटा. मी हात लावेन. कुठल्या बोटाला, ते सांगायचं."

"अंगठा," काका म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मधलं?"

"अंदाज नको. कळलं तरच सांगा. आता?"

"आता काही नाही."

"आणि आता?"

"नाही. सोडलात ना हात?"

बराच वेळ झाला. तपासणी संपली असं समजून काकांनी डोळे उघडले. सिस्टर समोर गुडघे टेकून बसली होती आणि तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला होता. आई गेल्यापासून कोणी त्यांचा हात असा धरला नव्हता. काका त्या हातांकडे बघत राहिले.

"कधीपासून धरलाय?" त्यांनी विचारलं.

"मघापासून," सिस्टर म्हणाली.