लेकीच्या घरचा माल

आष्टीत आमचं कटलरीचं दुकान होतं. कटलरी म्हणजे आमच्याकडे काटे-चमचे नव्हेत हो. बांगड्या, टिकल्या, कंगवे, रिबिनी, आरसे, कात्र्या, वस्तरे, नेलकटर, असलं सगळं. घराचीच पुढची खोली. फळ्या काढल्या की दुकान, लावल्या की घर. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण ते जिनिंगमध्ये कामाला जायचे, आणि गादीवर बसायची मी. कोणती बाई बांगडीचं माप चोरून सांगते, कोणता म्हातारा कंगव्याच्या निमित्तानं गप्पा मारायला येतो, सगळं मला पाठ. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. माल कोणाकडून घ्यायचा, ती.

माल वर्ध्याहून यायचा. माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा, म्हणजे नंदोईंचा, तिथे होलसेलचा धंदा. नणंदेचं लग्न झालं आणि महिनाभरात पहिला गठ्ठा एसटीच्या टपावरून आला. "घरचं दुकान असताना परक्याकडे काऊन जाता?" असा वर निरोप. आम्हालाही बरं वाटलं. मग तीच रीत पडली. आणि रीत पडायला एक गठ्ठा पुरतो, मोडायला मात्र जन्म जातो.

पहिली दोन-तीन वर्षं माल ठीक आला. पुढे नेलकटर असे यायला लागले की दिसायला चकचकीत, वर फुलाचं चित्र, आणि नख काही तोडेनात. नुसतं दाबून चपटं करायचे. कात्र्यांचं तसंच. आमच्याच आळीत एक कारागीर होता, केस कापायचा. वयानं मोठा, पण मला वहिनीबाई म्हणायचा. कात्री घ्यायची झाली की तो घरून ओल्या कापसाचा बोळा आणायचा. कापूस आमच्याकडे काय, पायाखाली पडलेला. चांगली कात्री ओला कापूस कचकन कापते, वाईट असली तर कापूस दोन पात्यांमध्ये घडी होऊन बसतो. एका सकाळी त्यानं माझ्यापुढे सात कात्र्या अशा लावल्या आणि सातही कात्र्यांनी कापसाची घडी घातली.

"वहिनीबाई, ह्या कात्र्या आहेत का धोब्याच्या इस्तऱ्या?" तो म्हणाला.

मी हसले. मग त्यानं एक नेलकटर उचललं, दरवाज्यातल्या उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटला. "या, पाहा इकडून. याचे दोन ओठ मिटले की मधून उजेड दिसला नाई पाह्यजे. दिसला की समजा, हे नख कापणार नाई, चावणार."

मी पाहिलं. दोन ओठांच्या मधून अख्खी गल्ली दिसत होती. मी डझनभर नेलकटर धरून पाहिले. दोन सोडून सगळ्यांतून उजेड.

"बदलून आणा ना," तो म्हणाला. "व्यापारी तर घरचाच आहे तुमचा."

घरचा होता, तेच तर दुखणं होतं.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. जुनी माणसं पाळायची तसं. पोरगी दिली, आता तिच्या घरचं खाणं म्हणजे दिलेलं दान परत खाणं. वर्ध्याला गेल्या तर फिरकीच्या तांब्यात आष्टीचं पाणी आणि फडक्यात भाकर बरोबर. आणि हीच रीत त्यांनी मालालाही लावली होती. लेकीच्या घरी भाव करायचा नाही. सूट घ्यायची नाही. आणि खराब निघालेला माल बदलून घ्यायचा नाही, कारण बदली म्हणून जे फुकट येईल ते लेकीच्या घरचं घेणं झालं.

"अवो आत्याबाई, पण आपण पैसे दिले ना त्याचे?" मी म्हणायची.

"देले न. देल्यावर संपलं. आता हात पसरू नोको."

आणि दुसरा व्यापारी धरायचा तर तोही नाही. "आपून त्याइच्याकडून माल उचलून राह्यलो, म्हणून पोरीले तिथं मान आहे," हे त्यांचं ठरलेलं. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणायचे, "बहीण आहे माही तिथं. चालवून घे." म्हणजे मागे जायला वाट नाही, पुढे जायला नाही, आणि मध्ये मी, खराब नेलकटरांच्या पेटीसकट.

नागपूरचा एक विक्रेता स्कूटरवर यायचा. त्याच्या सॅम्पलच्या पेटीतले नेलकटर मी उन्हाकडे धरले होते. उजेडाचा केसही दिसत नव्हता. "ताई, एक डझन तर ठेवून पाहा." प्रत्येक खेपेला तो म्हणायचा, आणि प्रत्येक खेपेला मी त्याला चहा पाजून परत पाठवायची. शेवटी तो हसून म्हणाला, "ताई, मी आता चहासाठीच येतो."

एकदा मी धीर केला. आत्याबाईंना मामाकडे जाते सांगितलं आणि खराब मालाचा गठ्ठा घेऊन वर्ध्याची एसटी धरली. दुकानात नंदोई बसले होते, बाजूला नणंद गठ्ठे बांधत होती. हे मला माहीत नव्हतं, की आमचा गठ्ठा तीच बांधते. मी गठ्ठा पुढे ठेवला, म्हटलं, "भाऊजी, याच्यात थोडे पाहून घ्याल का, गिऱ्हाईक तक्रार करून राह्यलं."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ते हसले आणि नणंदेकडे वळून म्हणाले, "ऐकलं का वो? तुह्या माहेरचे लोक आता आपला माल तपासून राह्यले. उद्या तुले बी तपासतीन."

नणंदेचा हात सुतळीच्या गाठीवर थांबला. तिनं वर पाहिलं नाही. गाठ मारायची होती ती तशीच बोटात धरून राहिली. मी म्हटलं, "नाई, नाई, तसं नाई," आणि चहा प्यायले, आणि गठ्ठा उचलून परत आले. आर्वीला बस बदलताना तो गठ्ठा फलाटावर विसरावा असं फार मनात आलं. विसरता आला नाही. मला कधी काही विसरता येत नाही, हा माझा जुना रोग.

मग मी फक्त दुकान चालवलं. गिऱ्हाईक आलं की दहातून एक बरा शोधून द्यायची, बाकीचे परत पेटीत. पण शोधूनही किती शोधणार? बाजाराच्या दिवशी बाया म्हणायला लागल्या, "हिच्याकडून टिकल्या घ्या, लोखंडाचं काई घेऊ नका." कारागिरानं तर येणंच सोडलं. आळीतून जाताना मान खाली घालून जायचा, जसा काही गुन्हा त्यानंच केला. मला वाटायचं, हाक मारावी. मारून काय सांगणार होते?

आणि गंमत पाहा, आमच्या घरात आमच्या दुकानातलं नेलकटर कोणीच वापरत नव्हतं. नवरा ब्लेडनं नखं काढायचे. आत्याबाईंची नखं त्या कारागिराची बायको काढून द्यायची, नऱ्हाणीनं, म्हणजे नखं काढायच्या जुन्या हत्यारानं. नखं म्हणजे शिंगं झाली होती. पुढे त्या बाईची नजर गेली आणि तिनं नऱ्हाणी ठेवून दिली. तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "आण वो दुकानातलं एखांदं."

मी आणलं. अंगठ्याचं नख नुसतं वाकलं. दुसरं आणलं. तिसरं आणलं. चौथ्यानं कातडी धरली आणि त्यांनी पाय ओढून घेतला. इतकी वर्षं मी जे बोलत होते ते आता त्यांच्या पायाला कळत होतं. आत्याबाईंनी दुकानातल्या पेटीकडे पाहिलं.

"सगळे असेच हायेत?"

"हाव."

"राहू दे," म्हणाल्या. एवढंच.

त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, तेहतीस बत्ताशांचं ताट द्यायचं. नणंद आणि नंदोई आदल्या सांजेला मुक्कामाला आले. सकाळी आंघोळीच्या आधी नंदोई ओसरीत पेपर वाचत बसले होते, मी पुरण वाटत होते. आत्याबाई लेकीला म्हणाल्या, "माही नखं तर काढून दे वो. तुह्या वहिनीच्यानं नाई निघून राह्यले."

मला वाटलं, आता ही दुकानातून एखादं मागते आणि फजिती होते. तिनं मागितलंच नाही. सवयीनं आपली पर्स उघडली, एक साधं नेलकटर काढलं, फूल नाही, चित्र नाही, आणि आईच्या अंगठ्याला लावलं. कट. एका दाबात शिंग खाली पडलं. ओसरीत तो आवाज असा घुमला की नंदोईंनी पेपर खाली केला.

आत्याबाईंनी लेकीच्या हातातून नेलकटर घेतलं आणि दरवाज्याच्या उजेडाकडे धरलं. हे त्यांनी मला हजारदा करताना पाहिलं होतं. एक डोळा मिटून पाहिलं. मग परत दिलं. "काढ बाकीचे," म्हणाल्या. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. दहाही नखं तिनं मान वर न करता काढली.

मी पुरण वाटत राहिले.

दुपारी पाट मांडला, रांगोळी काढली, नंदोईंना ओवाळलं, ताटात धोंडे वाढले. वर तूप. ते पहिला घास घेणार तेवढ्यात आत्याबाई समोर येऊन बसल्या.

"जवाईबापू, माह्या हातून एक पाप होऊन राह्यलं."

"काय बोलता आई!"

"मी तुमच्या घरचं पाणी पीत नाई. आन् हे दुकान तुमच्याच मालावर चालते, त्याच्यावरच मी जेवतो. म्हंजे लेकीच्याच घरचं खाणं झालं की थे. इतके वर्सं ध्यानात नाई आलं. आता पुण्याचा महिना आहे, हे पाप याच महिन्यात सोडतो. आजपासून तुमच्या घरचा माल नाई."

नंदोई हसले. "अवो, तुमी तर पैसे देऊन घेता!"

"पैसे देऊन पाणी बी मिळते आता बाटलीत. म्हणून का तुमच्या घरचं पिऊ? घ्या, धोंडा घ्या, गरम आहे."

पाटावर बसलेला जावई काय भांडणार? ज्या रीतीनं मला बांधून ठेवलं होतं, तिचंच दुसरं टोक बाईनं त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी धोंडे खाल्ले. चार खाल्ले. नवरा भिंतीकडे पाहत होते. आणि मी नणंदेकडे पाहत होते. आत्याबाई मात्र एकदाही तिच्याकडे पाहत नव्हत्या. याचा भार कोणावर पडणार, ते त्यांना माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात मी नागपूरला गेले. पहिल्यांदाच, माल निवडायला. तीन दुकानं फिरले आणि मला निवडताच येईना. सगळेच चांगले दिसायचे, सगळ्यांचीच भीती वाटायची. एकेक नेलकटर बल्बकडे धरून पाहत होते, तर तिसऱ्या दुकानातला म्हातारा व्यापारी म्हणाला, "बाई, इतकं निरखून तर लोक जवाई बी पाहत नाईत."

खरंच होतं. आम्ही पाहिला नव्हता.

माल आणला. मी स्वतः कारागिराच्या दारात कात्र्या आणि ओला कापूस घेऊन गेले. त्यानं कात्री चालवली आणि दोन स्वतःसाठी बाजूला काढून ठेवल्या. दुकान पुन्हा चालायला लागलं. पण त्या वर्षी भाऊबीजेला नणंद आली नाही. संक्रांतीला नाही. पुढल्या वर्षीची भाऊबीजही गेली. निरोप यायचा, गर्दी आहे, सीझन आहे. आत्याबाई एसटीच्या वेळेला ओसरीत येऊन बसायच्या आणि बस गेली की आत जायच्या. कोणाला काही म्हणायच्या नाहीत. मला तर नाहीच. दुकानात नवीन माल चमकायचा आणि मला त्याच्याकडे पाहवायचं नाही.

आत्याबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नणंदेला निरोप पाठवला. एकटीच आली. आईजवळ बसली, उठली, दुकानात माझ्याजवळ आली. पेटीतलं एक नेलकटर उचलून उजेडाकडे धरलं.

"वहिनी, हे चांगलं आहे. मले एक दे. आईची नखं वाढली."

"आन् तुमचं, ताई? थे पर्समधलं?"

"त्या दिवशी परत जाताना बसमध्येच काढून घेतलं त्यायनं."

"पण दुकान भरलं आहे तुमचं..."

"भरलं आहे," ती म्हणाली. "थे त्याइचं आहे."

मी तिला दोन दिले. लेकीनं माहेरचं न्यायला कोणतीच रीत आडवी येत नाही. एक घेऊन ती आत आईकडे गेली. दुसरं तिनं रुमालात बांधलं, आणि रुमाल पर्समध्ये न ठेवता पोलक्यात खोचला.