सिस्टरांच्या गळ्यातला माणूस

आमच्या सिस्टरांच्या गळ्यात एक माणूस राहायचा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. परळच्या त्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात ज्यांनी महिन्याच्या महिन्याला सलाईन लावून घेतलंय, त्यांना विचारा हवं तर. दुपारी टोकाच्या खोलीचं दार लागायचं. आत फक्त सिस्टर आणि एखादी मोठी मुलगी. आणि भिंतीपलीकडून जाड, घोगरा, पुरुषी आवाज यायचा, "हं. काय होतंय?" आम्हा बारक्यांच्या हातांत सुया असायच्या, त्यामुळे पळून जायचीही सोय नव्हती.

मी तिथे का होते, ते सांगते. जंतूंशी लढायला रक्तात जे लागतं, ते माझं शरीर बनवतच नाही. जन्मापासून. चिंचपोकळीला आमच्या चाळीत कोणी शिंकलं की मला न्यूमोनिया ठरलेला. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं औषध दर महिन्याला शिरेतून चढवलं की मी ठणठणीत, नाही चढवलं की आटोपलाच कारभार. एरवी चाळीत माझ्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. नळावरच्या भांडणात मला मुद्दाम बोलावून न्यायचे. पण डॉक्टर समोर आले की आई बोलायची आणि मी ओढणीचं टोक चावत बसायचे.

सिस्टर मालवणकडच्या. उंच, हाडकुळ्या, चालताना चपलेचा आवाज नाही. मागून येऊन मानेवर गार हात ठेवायच्या आणि सहज म्हणायच्या, "उद्या हिका ताप येतलो." आणि यायचाच. मुलांच्या आया त्यांना टरकून असायच्या. माझ्या आईची तर खात्रीच होती की ती बाई बोलते म्हणून ताप येतो. घरी गेल्या गेल्या माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकायची. सिस्टरांना हे ठाऊक होतं. "उतर बाय, उतर," त्या म्हणायच्या, "पण थर्मामीटर पण लाव." आणि एक सांगायचं राहिलं. मालवणी बाई, पण तोंडात 'मेल्या' हा शब्द नाही! बाकी शिव्यांची काही कमी नव्हती, तेवढी एक मात्र त्या वॉर्डात कोणाला द्यायच्या नाहीत.

अठरा पूर्ण झाली की लहान मुलांच्या हॉस्पिटलातून निघायचं आणि मोठ्यांच्या हॉस्पिटलात जायचं, असा नियम. तो सगळ्यांना माहीत असतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मुलींच्या आया तर नाहीच नाही, कारण हे वय आणि स्थळं बघायचं वय एकच. मी सोळाची झाले त्या महिन्यात सिस्टरांनी आईला बाहेर बाकड्यावर बसवलं, मला टोकाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. समोर बसल्या. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या तिथे नव्हत्या.

"हं. काय होतंय?"

मी दाराकडे पाहिलं.

"आई नाहीये. आता आई नाहीच आहे. बोल."

मी खुर्ची मागे सरकवली. "सिस्टर, असं नका ना करू."

"कोण सिस्टर?" तो आवाज म्हणाला.

मग ते दर महिन्याला होत गेलं. आजाराचं नाव काय, औषध कोणतं, किती, अंगावर पुरळ कशाने उठतं. हळूहळू मी तोंड उघडायला लागले. पण शेवटी तो माणूस खुर्चीत मागे रेलायचा आणि म्हणायचा, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे. मग एवढं महाग औषध कशाला? बंद करू." इथे माझी मान आपोआप हलायची. मोठ्या माणसाला, त्यातून डॉक्टरांना, उलट बोलायचं नाही, हे आमच्याकडे दुधाबरोबर पाजतात. मान हलली रे हलली की सिस्टर परत यायच्या आणि दंडाला असा चिमटा काढायच्या की डोळ्यांत पाणी. "रिपोर्ट नॉर्मल कित्याक आसा? औषध चालू आसा म्हणान! सांगूक काय होता तुका? चाळीत भांडतंस ता तोंड खंय गेला?" मग खोबऱ्याची वडी द्यायच्या आणि सुई टोचलेल्या जागी फुंकर घालायच्या. खोटं कशाला बोलू, त्यांची भीती वाटायची, रागही यायचा, आणि माझा जीव होता त्यांच्यावर.

एकदा धीर करून मी विचारलं, "सिस्टर, हा माणूस कोण?"

"वडाळ्याच्या एका पोराला भेटलेला. औषध बंद कर म्हणाला. पोर गप्प बसलं."

"मग?"

"मग काय. गप्पच आहे," त्या म्हणाल्या आणि कापूस घ्यायला वळल्या. त्या दिवसापासून मी त्या खोलीत पाय वर घेऊन बसायला लागले.

मोठ्यांच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा गेलो तेव्हा आईने ठेवणीतली साडी नेसली होती. जुनी फाईल मुद्दाम घरी ठेवून फक्त शेवटचा रिपोर्ट घेतला होता. आत तरुण मॅडम होत्या, हसतमुख, साखरेसारखं बोलणं. मला हुश्श झालं. दाराला पडदा तेवढा होता आणि त्याच्या पलीकडे, रांगेत, आमच्याच चाळीतल्या एक काकू गुडघा दाखवायला आलेल्या. आईने त्यांना पाहिलं होतं. ती घाईघाईने म्हणाली, "काही नाही हो, जरा अशक्तपणा असतो हिला. महिन्याला एक सलाईन लावतो. टॉनिकच समजा."

मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि गोड हसून म्हणाल्या, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे. मग एवढं महाग औषध कशाला? बंद करू."

शब्दन् शब्द तोच. माझ्या मानेवर गार हात ठेवल्यासारखं झालं, आणि मान हलायला लागलीसुद्धा. आई खाली बघत होती. तिला सगळं कळत होतं, पण पडद्यापलीकडे काकू होत्या. मग माझ्या तोंडून इतक्या जोरात निघालं की मीच दचकले. "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे कारण औषध चालू आहे. माझं शरीर ते बनवत नाही. बंद केलंत तर मी मरेन!"

झालं! संध्याकाळपर्यंत चाळभर होणार, हे आईला आणि मला त्याच क्षणी कळलं. आईचा चेहरा एवढासा झाला. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून, सगळं." आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. माझं औषध चालू राहिलं. मी आहे ती त्यामुळे.

पुढे सिस्टर निवृत्त होतायत असं कळलं, म्हणून पेढे घेऊन परळला गेले. टोकाच्या खोलीचं दार बंद होतं. बाकड्यावर एक वयस्कर बाई दाराकडे कान देऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले. आतून तो आवाज आला आणि त्यांनी डोळे मिटले.

"घाबरू नका हो," मी म्हटलं. "सिस्टरच आहेत त्या. एका डॉक्टरची नक्कल करतात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरचा आवाज बारीक होता गं. मी होते ना तिथे. हा माझा संजू आहे."

मी पेढ्यांचा पुडा बाकड्यावर ठेवला. त्या पुढे बोलल्या. "औषध बंद झालं आणि वर्षाच्या आत आडवा झाला. छातीने आवाज घोगरा झालेला. सिस्टर वडाळ्याला बघायला यायच्या, तर पडल्या पडल्या त्या डॉक्टरची नक्कल करून त्यांना हसवायचा. त्यांनी तोच उचलला, जसाच्या तसा. मी येते अधूनमधून ऐकायला." थोडा वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "त्या दिवशी डॉक्टरसमोर तो बोलणार होता गं. मीच म्हटलं, तू गप्प बस, मला बोलू दे."

दार उघडलं. एक मुलगी डोळे पुसत बाहेर आली. सिस्टरांनी मला पाहिलं, हसल्या, पण हाक त्या बाईंना मारली. "वहिनी, या आत."

बाई आत जाऊन आमच्या जागेवर बसल्या. सिस्टर समोर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"हं. काय होतंय?"

मला वाटलं, बाई आता रडतील. पण त्या रडल्या नाहीत.

"काही नाही रे राजा," त्या म्हणाल्या. "आज तू बोल. मी गप्प बसते."

सिस्टरांनी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने तो बोलायला लागला, आणि मी बाहेरून दार ओढून घेतलं.