डागाला बंदी न्हाई

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि अर्जापलीकडे कोणी काही लिहिलेलंही नाही. जिच्याविषयी लिहितो आहे ती हे वाचणार नाही. कोणी वाचून दाखवलंच तर "मला इचारलं हुतं का?" एवढंच म्हणेल. तरी लिहितो. वसतिगृहातली मुलं आपापल्या माणसांविषयी बोलतात तेव्हा मला पहिली तीच आठवते, आणि तोंडी सांगायला गेलो की माझं निम्मं सांगायचंच राहून जातं.

आक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी त्याची मागची बाजू बघायची. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या अलीकडे फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तिचं गाड्यांच्या सीटचं काम चालायचं, आणि शेजारीच आमचं घर. गाडीतून कोणी उतरला की तिची नजर सरळ त्याच्या पँटच्या मागच्या खिशावर. पेन, किल्ल्यांचा जुडगा, जीन्सची पितळी बटणं. "आधी खिसा मोकळा करा, मंग सीटला नावं ठिवा," असं ती भल्याभल्यांना सुनावायची. एकदा मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत सहज बसून बघितलं तर तिने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. माझ्या मागच्या खिशात कंगवा होता. "चामडं हाय ते. जनावराचं असलं तरी लागतं त्याला," ती म्हणाली.

सीट बघून ती बसणारा ओळखायची. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आधी झिजते, कारण माणूस दर वेळी तिच्यावरूनच घासत उतरतो. पण कोणाची कड जास्तच गेली असली की ती म्हणायची, "दारूच्या दुकानापुढं लई चढउतार झालेली दिसती." मालक ओशाळून हसायचा. डोक्यामागच्या उशीवर खोबरेल तेलाचा काळा गोल दिसला की, "पुढच्या टायमाला डोक्यातलं तेल घरी ठिवून या." काम मात्र जिवापाड करायची. साबणाचा नुसता फेस, मऊ फडकं, घट्ट पिळलेलं. गाडी कडुनिंबाच्या सावलीत. उन्हात वाळवलेलं चामडं तडकतं, म्हणून मे महिन्यात ती गिऱ्हाइकाला घाई करू द्यायची नाही. वाळल्यावर बोटाने क्रीम, लहान मुलाच्या गालाला लावावं तसं. चमक यावी म्हणून कोणी सीटला तेल चोळून आणलेलं असलं की तिचा दिवस वाईट जायचा.

पण हे काम तिने आवडीने धरलेलं नव्हतं. ते सांगितल्याशिवाय आक्का कळणार नाही.

तिचे मालक, म्हणजे नवरा, गावच्या दूध संस्थेत कॅन उचलायचे. एका सकाळी भरलेल्या कॅनची थप्पी त्यांच्या अंगावर कोसळली. डोकं फुटलं. माझे वडील दूध घालायला गेले होते. त्यांनीच मालकांचं डोकं मांडीवर घेतलं. संस्थेच्या दारात चेअरमनची नवी गाडी उभी होती, आत क्रीम रंगाच्या चामड्याच्या सीट. वडील म्हणाले, "चेअरमन, गाडी काढा." चेअरमनने एकदा रक्ताकडे बघितलं, एकदा गाडीकडे. "गाडी नवी हाय रं. टेम्पो बोलावलाय, येतोच हाय." टेम्पो आला, पण उशिरा. श्रीरामपूरच्या दवाखान्यापर्यंत मालक पोचले नाहीत. चेअरमन बोलला तेव्हा धावत आलेली आक्का संस्थेच्या दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आधी नेलं असतं तर वाचले असते, आसं मी म्हनत न्हाई," ती माझ्या आईला म्हणायची. "ते डाक्टरला ठावं. पर मानसावानी बसून गेले असते."

तेरावं उरकलं आणि ती श्रीरामपूरला भावाच्या सीटकव्हरच्या दुकानात जाऊन बसली. काम शिकून परत आली आणि फाट्यावर शेड टाकली. आई म्हणाली, "पोटासाठी दुसरं काय मिळालं न्हाई का गं?" आक्का म्हणाली, "मला बघायचंय, काय आसतं त्या चामड्यात."

आणि एक दिवस चेअरमन आलाच. सीट खराब होऊ नये म्हणून त्याने कंपनीचं प्लास्टिक काढलंच नव्हतं. आपल्याकडे पुष्कळ जण असं करतात. प्लास्टिकखाली घाम कोंडला, चामड्यावर बुरशीचे ठिपके उठले, गाडीत बसवेना असा वास. आसपास हे काम आक्का आणि तिच्या भावाशिवाय दुसरं कोणी करत नव्हतं. मला वाटलं, आता आक्का त्याला हाकलून देणार. तिने प्लास्टिक टराटरा फाडून काढलं आणि सीट अशी साफ केली की शोरूममधून आल्यासारखी दिसावी. मग तिने गाडीची चारी दारं उघडली, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "बघा चेअरमन, नीट बघा. रक्ताचा डाग कुठं दिसतोय का?"

टपरीवरचे कप जागच्या जागी थांबले. चेअरमन गाडी घेऊन गेला.

गंमत म्हणजे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. नगरला जावं तर लोक म्हणणार, बाईला भ्याला. दर वेळी आक्का गाडी आरशासारखी करायची, चारी दारं उघडायची आणि तेच विचारायची. शब्दही बदलायची नाही. मी कधीतरी म्हणालो, "आक्का, सीट बिघडवून टाक ना एकदाची." ती माझ्यावर भडकली. "बिघडवली की त्याला बोलाया जागा मिळंल. निर्मळ ऱ्हायली तर त्याला रोज दिसंल."

शेवटी त्याने ती गाडी विकली आणि मोठी घेतली. विकताना एजंटाला, कोणालाही दे, म्हणाला. घेणारी आक्का निघाली. तिला गाडी चालवताही येत नव्हती. पुतण्याला ड्रायव्हर केलं आणि गावात सांगून टाकलं की दवाखान्यात कोणालाही न्यायचं असलं तर गाडी दारात उभी आहे. अडलेली बाळंतीण, विळ्याने हात कापलेला माणूस, विषारी औषध अंगावर उडालेला फवारणीवाला, सगळे त्या क्रीम रंगाच्या सीटवरून गेले. आणि जी बाई लोकांच्या गाडीतला चहाचा थेंब सहन करत नव्हती, तिने या गाडीत एकही डाग पुसला नाही. पुतण्याने एकदा फडकं घेतलं तर हातातून हिसकावलं. ती डागांवर हात ठेवून कुठला कोणाचा ते सांगायची. हा बाळंतिणीचा. पोरगी झाली, आता चालती. हा हात कापलेल्याचा.

मी कॉलेजसाठी नगरला निघालो तेव्हा तिने पुतण्याला बसवून त्याच गाडीने मला स्टँडवर सोडलं. माझ्या पिशवीतला लोणच्याचा डबा गळत होता, म्हणून मी पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसलो होतो. "ठिव सीटवर," ती म्हणाली. "ह्या गाडीत डागाला बंदी न्हाई." उतरताना मी धीर करून विचारलं, "आक्का, चेअरमन आजारी पडला तर? नेशील?"

ती समोर रस्त्याकडे बघत राहिली. "त्याचीच तर वाट बघतीये," म्हणाली. म्हणजे नेणार की दारातून परत पाठवणार, ते मला कळलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. इथे खोलीवरही ते माझ्या डोक्यात राहिलं.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. चेअरमनच्या छातीत दुखायला लागलं. पोरं मोठी गाडी घेऊन पुण्याला गेलेली. सून धावत आक्काकडे आली. आक्काने जाऊन गाडीचं दार उघडलं. दोघांनी धरून चेअरमनला आणलं. त्याला ओकारी झाली होती, सगळा सदरा भरला होता. दारापाशी तो थांबला. खांद्यावरचा टॉवेल काढून सीटवर अंथरायला लागला.

"आक्कानं टावेल वढून फेकला," आई सांगत होती. "म्हनली, काढा ते. तसंच बसा चेअरमन. गाडी जुनी हाय. आख्ख्या आळीनं ऐकलं. बसला, अन् रडाया लागला."

"वाचला का?"

"वाचला. टायमात पोचला, आसं डाक्टर म्हनले."

मला वाटलं, झालं. आक्काचं मन आता निवलं असेल. तसं मी आईला म्हणालोही.

"कशाचं निवतंय," आई म्हणाली. "दवाखान्यातनं आल्या आल्या गाडी लिंबाखाली लावून घेतली, फेस केला, मऊ फडकं घेतलं. बाकीचे डाग हायेत तसे हायेत. त्याचा तेवढा पुसून काढला. मी म्हनलं, ह्योच का गं? तर म्हनली, माझ्या मानसांत ह्याचा नको."