आत दडलेली वादी

मी पदवीधर झालो तो सुमनवहिनीमुळे. काल घोडबंदर रोडवरच्या घरी चामड्याच्या पट्ट्याला एरंडेल चोळत होतो आणि त्या वासाने मला थेट बाळकुमच्या आमच्या जुन्या ओट्यावर नेऊन बसवलं.

माझा मोठा भाऊ शर्यतीत बैल पळवायचा. त्या दिवशी त्याचा आसूड वहिनी वळत होती. तेलात भिजलेल्या चामड्याच्या वाद्या खिडकीच्या गजाला बांधून ती वेणी घालावी तशी घट्ट ओढत होती.

“बारावी झाली. आता याला कोलशेतला कंपनीत लावतो,” दादा म्हणाला. मी मान खाली घातली.

“अहो, त्याला शिकू द्या. कंपनीत मी जाते.”

“तू? मग माझा आसूड कोण वळणार?”

“रविवारी वळीन. बैलांना कुठे रोज पळायचंय?”

दादा हसला, पण नाही म्हणाला नाही.

मी जवळ सरकलो. टोक बारीक व्हावं म्हणून वहिनी एक वादी वेणीच्या आत दडपत होती. “कापून का टाकत नाहीस?” मी विचारलं.

“कापली तर आसूड आतून पोकळ राहतो. मग वाजत नाही रे.”

पुढे वहिनी कंपनीत जाऊ लागली आणि मी कॉलेजात. तेव्हा मला फक्त आसूड दिसला होता.

आज तिला पत्र टाकलं:

“ती. वहिनीस नमस्कार. ती आत दडपलेली वादी मला आता दिसते. रविवारी एरंडेल घेऊन येतो. दादाला नवा आसूड वळू. या वेळी वाद्या मी ओढीन, तू नुसती बसून सांग. तुझा, महेश.”