बोअर केलेलं इंजिन आणि आईचं दर्शन

दसरा तोंडावर आला आणि आमच्या वहिनीचा टेम्पो द्वारका चौकातल्या गॅरेजमधून सुटला. दादा मळ्यात फुलं पिकवतो, बाजारात पोचवते वहिनी. इंजिनाचं बोअर करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करून, नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या होत्या. सध्या वजन टाकू नका, हळू चालवा, असं तिथून बजावून पाठवलं होतं. आता इंजिन जाम झालं असतं तर शेतभर फुललेला झेंडू झाडावरच सुकला असता.

पण आमच्याकडे गाडी गॅरेजमधून सुटली की आधी त्र्यंबकेश्वराला जाते, आणि देवाला रिकामी गाडी नेणारं आमचं घराणं नाही. आई, मी, दोन मावश्या, शेजारीण, तिची जाऊ, नारळ, जेवणाचे डबे, सगळे मागे चढलो. वहिनी नको नको म्हणत होती. आमच्या आईपुढे नको म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चढाला वहिनीने गाडी बाजूला घेतली. तापमानाचा काटा वर सरकला होता आणि इंजिनाचा आवाज जड झाला होता म्हणे. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं.

"सगळ्यांनी उतरा."

"देवाच्या वाटेवर उतरवती का?" आई कडाडली.

मी तिच्या जागी असते तर किल्ली आईच्या हातात देऊन घरी गेले असते. वहिनी शांतपणे म्हणाली, "आई, नवी रिंग सिलिंडरला घासती. अजून दोघं एकमेकांना बसली नाय. आत जाळाची गरमी असतीच, तिच्यात ही घासण्याची भर. एवढं वजन वढायचं म्हणजे आत लय तापणार, पिस्टन फुगणार आणि तिथंच अडकणार. मग दसऱ्याला फुलं डोक्यावर न्यायची का?"

आई म्हणाली, "म्हणजे छिन्नीने नवी टाकी लावलेलं दळायचं जातं. पहिलं दळण जड जातं, पीठ चटका देतं. माझी सासू सांगायची, मूठ लहान टाक."

"तसंच, आई."

आईने रस्त्याकडेलाच नारळ फोडला, त्र्यंबकराजाला तिथूनच हात जोडले आणि आम्हाला बसने घरी आणलं. वहिनी रिकामा टेम्पो सावकाश घेऊन मागून आली. मला तिचा फार अभिमान वाटला. इंजिन ओळखणारे पुष्कळ असतील, आमच्या आईला भर रस्त्यात उतरवणारी ती एकटीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी क्रेट भरताना आईच पहाऱ्याला उभी. दादाने जास्तीचा क्रेट उचलला की, "ठेव खाली, दुसऱ्या खेपेला." टेम्पो अर्धाच भरला. निघताना म्हणाली, "मी बसने येते बाजारात. माझंबी वजन नको."

वहिनीने खाली उतरून पलीकडचं दार उघडलं. "तुमचं वजन इंजिनाला लागत नाय. बसा."

सुनेच्या शेजारी आई पहिल्यांदाच पुढे बसली. दोन खेपांत सगळा झेंडू बाजारात पोचला. वहिनी अजून हसत सांगते, चढ आला की आई दोन्ही हातांनी सीट धरून, श्वास रोखून अंग उचलून धरायची.