क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची कवळी

महाडच्या बाजारपेठेत माझा दातांचा दवाखाना होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एके सकाळी पोलादपूरकडच्या वाडीतून एक वयस्कर जोडपं मुलीला घेऊन आलं. काकांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. मी काही विचारायच्या आत काकूंनी सांगून टाकलं, "भाकरी चावली पायजे, बाई. कालवणात भिजवून द्यायचा कंटाळा आला मला."

मुलीची काळजी वेगळी. ती मुंबईहून भावाच्या लग्नासाठी आली होती. "मॅडम, फोटोत एकदम नॅचरल दिसायला पाहिजेत हां!"

ज्यांच्या तोंडात कवळी बसणार होती, ते काका खुर्चीत पडून छताकडे बघत होते.

मी मापं घेतली. पुढच्या खेपेला मेणात बसवलेले दात लावून बघायचे होते. त्या दिवशी काका एकटेच आले. मी दात बसवले, आरसा हातात दिला. त्यांनी त्यात बघितलंही नाही.

"कसं वाटतंय, काका?"

"बरं हाय."

"कुठे टोचतंय?"

"नाय."

पण उठायचं नाव नाही. मी स्टूल ओढून जवळ बसले. "काका, घरच्यांना काय हवंय ते मी ऐकलं. तुम्हाला काय हवंय?"

तेव्हा त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली क्लॅरिनेट काढली. तरुणपणापासून ते बँडमध्ये ती वाजवत होते. दात गेल्यापासून मात्र वरातीत खुळखुळा घेऊन चालायचे. "भाकरीचं काय, भिजवली की जाते खाली. हे नाय जमत."

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दातांच्या डॉक्टर. तुम्हाला वाजवायचं काय सांगणार?"

खरंच होतं. कॉलेजात आम्हाला चावणं, बोलणं आणि दिसणं शिकवलं होतं. वाजवण्याचा धडा नव्हता. मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. वाजवून दाखवा, मग बघू."

त्यांनी वरचे दात क्लॅरिनेटच्या टोकावर टेकवले आणि फुंकर मारली. वरची कवळी मागून सुटली आणि पारडू हंबरावं तसा आवाज निघाला. बाहेर बसलेले सगळे दारात जमा झाले. गाल सुजलेली एक बाई हसत सुटली आणि गाल धरून ओरडली, "हसवू नका हो, दुखतंय!"

मग आमची खटपट सुरू झाली. पुढचे दात मी जरासे आत घेतले, कडा सपाट केल्या. काका वाजवायचे, मी बघायचे. मेण मऊ पडलं की गार पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा तेच. अशा दोन-तीन खेपा झाल्या. पक्की कवळी तयार झाली तेव्हा वरची टिकली, पण खालची उड्या मारू लागली. मी पुन्हा माप घ्यायला निघाले तर काकांनी ती काढून खिशात टाकली. "ऱ्हाऊ दे. वाजवताना हिरडी पुरते." आणि खरंच, सूर स्वच्छ निघाला.

मुलगी थोडी नाराज झाली. दात आत गेल्यासारखे दिसतात म्हणाली. काका तिला म्हणाले, "गो, फोटोत मी वाजवत असेन. दात दिसतील कुणाला?"

लग्नाला मी गेले. वरबाप स्वतःच बँडच्या पुढे! वरच्या पट्टीत सूर मधूनच फाटायचा, काका श्वास घेऊन पुढे जायचे. जेवताना त्यांनी खिशातली कवळी धुऊन बसवली, तेव्हा काकूंचाही चेहरा खुलला.

त्यानंतर कवळीला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारू लागले, दात बसल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय? तुडील गावच्या एका आजींचा मुलगा कुवेतला होता. त्या म्हणाल्या, "फोनवर तो सारखा म्हणतो, अम्मा, काय बोलतेस ते समजत नाय." त्यांचे मेणातले दात बसवले आणि परीक्षा म्हणून मी दवाखान्यातूनच आमच्या घरी फोन लावून दिला. सासूबाईंनी उचलला. एकमेकींना कधी न पाहिलेल्या त्या दोघी आधी पापलेटावर आणि मग सुनांवर बोलत राहिल्या. फोन ठेवा म्हणून मी दोनदा खूण केली, आजींनी हातानेच मला थांबवलं.