धुऱ्याकडची पात

आमच्या गावात आता माणसांपेक्षा कुलपं जास्त. पोरं पुण्याच्या कंपन्यांत गेली, काही वणीला कोळशाच्या ट्रकवर. माझा नवराही ट्रकवरच, म्हणून मी वणीला. कापूस फुटला की वेचायला बाया शेजारच्या गावाहून ऑटोत बसून येतात.

माय गेली त्यानंतरच्या पहिल्या वेचणीला मी गावी गेले ती बाबाला न्यायलाच. वावर मक्त्यानं द्यायचं आणि घराला आणखी एक कुलूप लावायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. माझं ठरलं की ठरलं. ही पोरगी देवालाही रांगेत उभं करेल, असं माय म्हणायची. बाबाही "वेचणी झाली का चालतो" म्हणाला होता.

वावरात बायांनी आपापली पात धरली. पात म्हणजे वेचायला वाटून घेतलेली ओळ. धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, लागून असलेली पहिली पात मात्र कोणी धरेना. ती कायम मायची असायची.

"ते कायले सोडली?" मी विचारलं.

"तिथं तुमची माय वेचते, ताई," एक म्हातारी मजुरीण हळूच म्हणाली. "आमी येतो तं बोंडं रिकामीच रायतात."

"काहीतरीच!" म्हणत मी पाहायला गेले. खरंच, त्या पातीत एकाही बोंडात कापूस नव्हता. ऊन चांगलं तापलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दुपारी मी घरी आले. बाबा बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. आतल्या खोलीत मायच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं दिसलं. हात घातला तर कापूस, आणि त्यात वाळल्या पाल्याचा चुरा. मायच्या कापसात पाला? तिनं दिवसभर तोंडाचा पट्टा चालवला असता. मग मला बाबाची बोटं आठवली. सकाळी चहा घेताना पाहिली होती, सगळी ओरखडलेली.

वेचणी बायांचं काम. गड्यानं केलं तर गाव हसतं, आणि गावात सगळ्यात मोठ्यानं बाबाच हसायचा. तो बाबा, बाया यायच्या आधी, उजाडताच जाऊन मायची पात वेचत होता. मी तिथंच बसून रडले. मग दुसरं काही सुचेना म्हणून पाल्याचा एकेक तुकडा काढत बसले. कापूस मायच्या कापसासारखा स्वच्छ झाला, तेव्हा गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं.

संध्याकाळी कापूस ढिगावर टाकायला बाबानं गाठोडं सोडलं. मूठभर हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि उंबऱ्यावरच बसला.

"काय झालं, बाबा?"

"मी वेचला तवा पाला होता याच्यात," तो म्हणाला. "हा तुह्या मायचा हात हाये वं. आलती ते."

मी सांगायला तोंड उघडलं. पण माय गेल्यापासून त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"मले वणीले नको नेऊ आता," तो म्हणाला. "ते येईन अन् तिले दाराले कुलूप दिसंल."

दुसऱ्या दिवशी वणीच्या एसटीत मी एकटीच बसले. तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत मी दर आठवड्याला गावी जाते. बाबा बैल घेऊन गेला की आतल्या खोलीत गाठोडं सोडून बसते.